टनावर जाऊ नका, उष्मांक विचारा

वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी याच पानांवर मी औष्णिक वीज केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या आठवणी लिहिल्या होत्या. १९८५ ते २०१९ अशी ३४ वर्षं मी तिथे केमिस्ट होते. कोळसा, पाणी, राख आणि तेल तपासणं हे माझं काम. त्या लेखावर पत्रं आली, पण आठवणींबद्दल थोडी आणि 'कोळशाचं पुढे काय?' याबद्दल भरपूर. संपादकांनी ती सगळी माझ्याकडे ढकलली आहेत. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. हाताखालून जे गेलं त्याच्या आधारावर सांगते. पटलं नाही तर पुन्हा लिहा.

देशात वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, अशी बातमी मोठ्या मथळ्यात वाचली. मग आपण अजूनही परदेशातून कोळसा का आणतो? कुणाचे खिसे भरायला? (निवृत्त शिक्षक, वर्धा)

गुरुजी, बातमी खरी आहे. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे १०४ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. त्याच वर्षी साधारण २४ कोटी टन बाहेरून आला, हेही खरं. पण 'टन' म्हणजे वजन, आणि बॉयलरला वजनाशी काही देणंघेणं नसतं.

आमच्याकडे कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आला की वॅगनमधून नमुने काढले जायचे. एका रेकमध्ये ५८-५९ वॅगन, म्हणजे जवळपास ४००० टन माल. नमुन्याचे ढेकूळ फोडायचे, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. पुन्हा फोडायचं, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी मैद्यासारखी भुकटी उरते आणि त्यातली १ ग्रॅम मी बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये ठेवायची. पोलादी भांडं, आत दाबाखाली ऑक्सिजन, भोवती पाणी. ठिणगी दिली की भुकटी भस्सकन जळते, पाणी किती तापलं ते बघायचं. यावरून कळतं की एका किलोत किती किलोकॅलरी आहेत. दुसरी एक ग्रॅम भट्टीत ८१५ अंशांवर जाळायची. सिलिकाच्या बशीत जे उरतं ती राख. (माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, 'सूनबाई ऑफिसात बॉम्ब उडवते.' मी कधी दुरुस्त केलं नाही.)

त्या बशीत कधी ३५ टक्के राख उरायची, कधी ४०, पावसाळ्याच्या तोंडावर एखादा रेक ४५ पर्यंतही जायचा. सोयीसाठी ३८ धरा. म्हणजे ४००० टनांच्या रेकमागे १५०० टन आपण नुसती माती वाहून आणतो, तीही कधी शेकडो किलोमीटरवरून. ५०० किलोमीटरपलीकडे न्यायच्या कोळशात ३४ टक्क्यांहून जास्त राख नको, म्हणजे तो धुऊन पाठवा, असा नियम होता. २०२० मध्ये तो काढून टाकला. माझ्या मते ते चुकलं. धुण्याचा खर्च वाचला म्हणतात, पण तो वाचलेला पैसा रेल्वेभाडं, कोळसा दळणाऱ्या घासलेल्या मिल आणि राखेच्या तलावांत जातो. हिशेबाच्या वहीत मात्र ही चार खाती चार वेगळ्या कपाटांत असतात.

आपल्या वीज केंद्रांना मिळणारा बराचसा कोळसा किलोला ३५०० ते ४३०० किलोकॅलरीच्या दर्जाचा. दक्षिण आफ्रिकेचा किंवा ऑस्ट्रेलियाचा चांगला कोळसा ५५०० - ६००० च्या घरात जातो. म्हणून आपला दीड टन आणि त्यांचा एक टन यांत उष्णता जवळपास सारखीच. मथळ्यातले १०० कोटी टन वाचताना मला ही वजाबाकी आठवते.

आता आयात. तिचे तीन भाग पाडा. एक, पोलादाचा. लोखंड वितळवायच्या भट्टीला कोक, म्हणजे हवेशिवाय भाजलेला कोळसा, लागतो आणि कोक होणारा चांगला कोळसा आपल्याकडे फार थोडा, तोही झारखंडात झरियाच्या आसपास. तिथल्या जमिनीखालच्या आगी १९१६ पासून नोंदल्या आहेत आणि त्या अजून जळताहेत. तेव्हा ही आयात खिसे भरायला होत नाही, निसर्गाने आपल्याला तेवढंच दिलंय. दोन, किनाऱ्यावरची केंद्रं. गुजरातेतलं मुंद्र्याचं ४००० मेगावॅटचं केंद्र बाहेरच्या कोळशावरच चालायचं म्हणून बांधलं. २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे दर बाजारभावाशी बांधले आणि तिथल्या विजेचं सगळं गणित कोसळलं. वीजदर वाढवून मागण्याचं ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तीन, आपल्याच केंद्रांत मिसळण्यासाठी मागवलेला कोळसा. हा टाळता येण्यासारखा आहे आणि अलीकडे कमीही होतोय. तुमचा खिशांचा संशय तिसऱ्या भागापुरता ठेवा.

नवीन ऊर्जेने कोळशाला मागे टाकलं असं आमचे सर सांगतात. देशातली निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म आहे. मग ७० टक्क्यांवर वीज अजून कोळशाची कशी? एकजण तर खोटं बोलतोय. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

कुणीच खोटं बोलत नाही गं, दोघं वेगळ्या मापट्याने मोजतायत. २०२५ च्या जूनमध्ये भारताची निम्मी *स्थापित क्षमता* बिगर-जीवाश्म झाली. म्हणजे सौर, वारा, पाणी, अणू वगैरे मिळून. नुसत्या सौर ऊर्जेने त्याच वर्षी जानेवारीत १ लाख मेगावॅट ओलांडले. पण क्षमता म्हणजे भांडं केवढं आहे ते. त्यात दूध किती हा वेगळा प्रश्न. सौर पॅनल वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या २० - २५ टक्के चालतं, कारण रात्र असते आणि ढग असतात. कोळशाची केंद्रं २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये सरासरी ६९ टक्क्यांच्या आसपास चालली. म्हणून भांडी निम्मी-निम्मी असली तरी दूध एकाच बाजूला जास्त.

पण तुझ्या सरांची बाजू मी पूर्ण सोडणार नाही. दुपारचं चित्र खरंच बदललंय. मी नोकरीला लागले तेव्हा संच (एक बॉयलर आणि त्याचं टर्बाइन) एकदा पेटवला की महिनोन् महिने एका लोडवर चालावा, हीच प्रतिष्ठा होती. सलग १०० दिवस चालला की पेढे वाटायचे. माझ्या शेवटच्या चार-पाच वर्षांत दुपारी कळव्याहून, म्हणजे राज्याच्या भार प्रेषण केंद्रातून, फोन यायचा: लोड उतरवा. सूर्य कलला की पुन्हा फोन: चढवा. कधी संच पूर्ण बंद, 'रिझर्व्ह शटडाऊन'. आता केंद्र सरकारचे नियमच सांगतात की संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायलाच हवा आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत.

पंखा दोनवर करावा तसं हे सोपं नाही. खाली आलं की भट्टीतली ज्योत डळमळते, ती धरून ठेवायला महागडं तेल फवारावं लागतं. पोलाद दिवसातून दोनदा तापतं-निवतं आणि नळ्या फुटायला लागतात. माझा संबंध पाण्याशी यायचा. बंद संच पुन्हा सुरू करताना वाफेत सिलिका जास्त असते. ती टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन काचेसारखी बसते. सिलिका खाली येईपर्यंत मी लोड वाढवू देत नसे. पहाटे तीनला कंट्रोल रूममधून शिफ्ट इंचार्ज ओरडायचे, 'मॅडम, कळवा डोक्यावर बसलंय, किती आली?' आणि मी म्हणायची, 'अजून अर्धा तास.' आधी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होणारं हे भांडण शेवटी शेवटी आठवड्याला व्हायला लागलं.

मला दिसतं ते असं. कोळसा लगेच जात नाही, पण त्याचं काम बदलतंय. २४ तास राबणारा गडी आता संध्याकाळी सहा ते सकाळी सहाचा राखणदार होतोय. २०२४ च्या ३० मे रोजी देशाची मागणी २ लाख ५० हजार मेगावॅटला टेकली. उन्हाळ्याच्या दुपारी सौर ऊर्जा हातभार लावते, पण रात्री नऊला कूलर-एसी चालू असतात आणि पॅनल झोपलेलं असतं. बॅटऱ्या आणि पंप-साठवणीचे प्रकल्प ही वेळ भरून काढतील तेव्हा राखणदाराची पाळी कमी होईल. आपल्या घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प कधीपासून चालू आहे: स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. एकट्या महाराष्ट्राला असे कितीतरी लागतील.

तेव्हा पुढच्या वेळी सरांना क्षमता विचारू नकोस. रात्री आठ वाजता कुणाची किती वीज होती, ते विचार.

इंग्लंडने कोळसा बंद केला. मग आपल्यालाच काय धाड भरलीय? (एक वाचक, ठाणे)

ब्रिटनने शेवटचं कोळसा वीज केंद्र २०२४ च्या ३० सप्टेंबरला बंद केलं. पहिलं लंडनमध्ये सुरू झालं होतं १८८२ मध्ये. १४२ वर्षं जाळून झाल्यावर, उत्तर समुद्रातला गॅस हाताशी असताना आणि कारखाने बरेचसे दुसऱ्यांच्या अंगणात गेल्यावर त्यांनी ते केलं. आपल्याकडे सुमारे २० हजार मेगावॅटची गॅस केंद्रं बांधून तयार आहेत आणि गॅसअभावी बहुतेक रिकामी बसलेली असतात. यातूनच उत्तर काढा. शिवाय ब्रिटनच्या खाणगावांचं १९८४-८५ च्या संपानंतर काय झालं तेही वाचा. तो भाग शिकण्यासारखा आहे, पण 'असं करू नये' या यादीत.

आमचं गाव वीज केंद्राच्या राखेच्या तलावापासून जवळ. वारा सुटला की वाळत घातलेले कपडे राखाडी. तुम्ही लोक शहरात जाऊन बिल भरता आणि 'देशाला कोळसा हवा' म्हणता. इथे येऊन श्वास घ्या. (गृहिणी, विदर्भ)

ताई, तुमच्या पत्रातला राग योग्य जागी लागला. मी ज्या केंद्रात होते त्याच्याही तलावाचा बांध एका पावसाळ्यात झिरपला आणि राखेचं पाणी ओढ्यात गेलं. मी स्वतः बाटल्यांत नमुने भरले, आकडे लिहिले आणि वर पाठवले. त्यानंतरची बैठक तासभर चालली, त्यातली ४० मिनिटं 'झिरपला' लिहायचं की 'ओलावा आढळला' यावर गेली. शेवटी काय लिहिलं गेलं ते सांगायला आज लाज वाटते, कारण खाली माझी सही होती.

हिशेब साधा आहे. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. ती मिळवायला आमच्या जुन्या संचांत २४०० - २५०० जाळाव्या लागतात, नवे मोठे संच थोडे बरे. म्हणजे युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा आणि पाव किलो राख. महिन्याला १०० युनिट वापरणारं पुण्या-मुंबईतलं एक घर ६५ किलो कोळसा जाळतं आणि २५ किलो राख मागे ठेवतं. बटण त्यांच्या घरात आणि राख तुमच्या अंगणात. कागदावर आता बहुतेक राख सिमेंट, विटा आणि रस्त्यांत 'वापरली' जाते. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण जुन्या तलावांत वर्षानुवर्षं साठलेली राख त्या टक्केवारीत दिसत नाही.

हवेबद्दलही सांगते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये गंधकाच्या वायूवर मर्यादा आल्या. धुराड्याआधी वायू धुणारी यंत्रणा बसवायची होती. मुदत दोन वर्षांची, ती पुढे ढकलत ढकलत २०२५ साल उजाडलं आणि जुलैमध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ती सक्तीची राहिली. कारण दिलं जातं की भारतीय कोळशात गंधक कमी असतं. मी तपासलंय, खरंच कमी असतं, साधारण अर्धा टक्का. पण ५०० मेगावॅटचा एक संच दिवसाला ८००० टन कोळसा खातो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४० टन गंधक, आणि जळून वायू झालं की वजन दुप्पट: रोजचे ८० टन, एका संचाचे. टक्केवारी लहान असली तरी गुणायला मोठी संख्या आहे, हे बारावीचं रसायनशास्त्र आहे.

तुम्ही करू शकाल असं एक सांगते. जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणून एक निधी २०१५ पासून आहे. खाणीवाल्यांनी भरलेल्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) जोडीने तिच्या १० किंवा ३० टक्के रक्कम त्यात जमा होते आणि ती खाणीने बाधित गावांवर खर्च करायची असते. तुमच्या गावाजवळ खाणही असेल तर ग्रामसभेत त्या निधीचा हिशेब मागा. पिण्याचं पाणी आणि आरोग्य ही त्यात अग्रक्रमाची कामं आहेत. कमानी आणि सभामंडप नव्हेत.

वीज बिल कोळशामुळेच वाढतं का? सौर वीज अडीच रुपयांना म्हणतात, मग आम्हाला ती का नाही? (दुकानदार, जळगाव)

अडीच रुपये दुपारचे आहेत, शेठ. रात्री आठचे नाहीत. तुमच्या दुकानाचे दिवे कधी लागतात?

बिलात कोळसा तीन वाटांनी शिरतो. पहिली, 'इंधन समायोजन आकार'. कोळसा किंवा भाडं महागलं की तो वाढतो. दुसरी दिसत नाही: केंद्र चालो न चालो, त्याच्या कर्जाचा आणि देखभालीचा ठरावीक आकार वितरण कंपनीला द्यावाच लागतो. दुपारी बसून राहिलेल्या संचाचे पैसेही त्यात. म्हणून नवीन कोळसा केंद्रं बांधायची घोषणा झाली की मी विचारते, २५ वर्षं तिचा ठरावीक आकार भरायचाय, ती रोज किती तास चालणार? तिसरी वाट रेल्वेची. २०२४-२५ मध्ये रेल्वेने सुमारे १६२ कोटी टन माल वाहिला, त्यात निम्मा कोळसा होता. मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी तिकीट स्वस्त राहतं. तुमच्या भुसावळ पॅसेंजरच्या तिकिटातही कोळशाचा वाटा आहे, उलट दिशेने. २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या, आठवतंय? तोच संबंध.

कराचाही एक किस्सा आहे. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर लागला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ४०० रुपये टनावर होते, म्हणजे चांगल्या आणि दगडी मालाला सारखेच. आता कर किमतीवर आहे. हलक्या कोळशाला सूट आणि चांगल्याला जास्त कर, असा त्याचा अर्थ होतो. केमिस्ट म्हणून मला हे उलटं वाटतं.

माझा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. खाणीच्या पट्ट्यातच राहतो आम्ही. कंत्राटदाराकडे खाणीत काम मिळतंय. नातेवाईक म्हणतात दहा वर्षांत सगळं बंद होणार, नको जाऊ. काय करावं? (आई, वणी परिसर)

हे पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक भीती दूर करते. दहा वर्षांत सगळं बंद होणार नाही. देशाने शून्य उत्सर्जनासाठी सांगितलेलं वर्ष २०७० आहे. आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत कोळसा 'बंद करणे' हा शब्द भारताच्या आग्रहाने 'कमी करणे' असा झाला. तुमच्या मुलाच्या नोकरीइतका काळ खाणी राहतील.

पण खाण राहणं म्हणजे नोकरी राहणं नव्हे. कोल इंडिया १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला ७.९ कोटी टन कोळसा काढायची. २०२४-२५ मध्ये तिने ७८ कोटी टन काढला, जवळपास दहापट. माणसं? एके काळी सहा लाखांच्या वर होती, आता सव्वादोन लाखांच्या आसपास. माणसं हवामान बदलाच्या परिषदांमुळे कमी झाली नाहीत. ती कमी झाली, कारण भूमिगत खाणी जाऊन खुल्या खाणी आल्या, मोठी डंपर-शॉव्हेल आली आणि बाकीचं काम कंत्राटावर गेलं. तुमच्या मुलाला मिळतंय ते त्यातलंच. म्हणजे 'कोळसा बंद होईल का?' यापेक्षा 'पुढच्या कंत्राटात माझं नाव असेल का?' हा प्रश्न त्याच्या जवळचा आहे.

नाही म्हणू नका. जाऊ द्या, पण चार गोष्टी बघून. खाणीतल्या कंत्राटी कामगारांसाठी उच्चाधिकार समितीने ठरवलेले वेतनदर आहेत, साध्या किमान वेतनापेक्षा जास्त. ते मिळतात का आणि बँकेत जमा होतात का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. खाण कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीत नाव आणि क्रमांक हवा. व्यावसायिक प्रशिक्षण दिल्याचं आणि वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र स्वतःजवळ ठेवावं. आमच्याकडच्या कोळसा हाताळणी विभागात कन्वेयरवर काम करणारी दोन मुलं होती. एकाच वयाची, एकाच गावची. एकाने दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी परीक्षा दिली: आधी वायरमनचा परवाना, मग सुपरवायझरचा. दुसरा मन लावून काम करायचा, पहिल्यापेक्षा जास्तच, पण कागद जमवले नाहीत. जुने संच बंद झाले तेव्हा पहिला एका सौर प्रकल्पाच्या उपकेंद्रावर गेला. दुसरा सहा महिने घरी होता. मग पेट्रोल पंपावर लागला. मला अजून दिसतो, अजून 'मॅडम नमस्ते' म्हणतो, आणि मला दर वेळी वाटतं की त्याला तेव्हा कुणीतरी बखोटीला धरून परीक्षेला बसवायला हवं होतं. मीही धरू शकले असते.

इलेक्ट्रिशियनचं एक बरं असतं. तांब्याच्या तारेला वीज कोळशाची की सूर्याची ते कळत नाही. त्याला इन्व्हर्टर, उपकेंद्र आणि बॅटरीचं शिक्षण नोकरी चालू असतानाच घ्यायला लावा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प तुमच्याही भागात येतायत. पण ते बांधताना जितकी माणसं लागतात त्याच्या दशांशही चालवायला लागत नाहीत, हेही त्याला माहीत असू द्या.

कोळसा जाळण्याऐवजी त्याचा गॅस करता येतो असं ऐकलं. मग प्रदूषणही नाही! (एक वाचक, सांगली)

करता येतो. सरकारने २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचा गॅस करायचं लक्ष्य ठेवलंय आणि २०२४ च्या जानेवारीत त्यासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर केली. खत, मिथेनॉल, पोलाद यांत तो वापरता येईल आणि तेवढी गॅसची आयात वाचेल. पण ४० टक्के राखेचा कोळसा गॅसच्या संयंत्रातही ४० टक्के राखेचाच राहतो. आणि कार्बन वायू पकडून कुठे पुरला नाही तर तो हवेतच जातो, फक्त दुसऱ्या नळीने.

आजी, तुमच्या घरावर सोलर आहे का? खरं सांगा. (इयत्ता नववी, अमरावती)

आहे. ३ किलोवॅटचं, २०२१ मध्ये बसवलं. आमचे हे कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झालेले, त्यांना सुरुवातीला फितुरी वाटली. आता तेच रोज संध्याकाळी मीटर बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर युनिट लिहितात. उन्हाच्या दिवशी १२ येतात. शेजारी मी पेन्सिलीने कोळसा लिहिते: ७ किलो ८०० ग्रॅम. जुलैत एक आठवडा रोज तीनचार युनिटच आले, तेव्हा त्यांनी पेन्सिलीने शेजारी लिहिलं, 'बघितलंस?'